नवा संगणक, जुने फोटो

लॅमिंग्टन रोडवरचं दुकान असो की तालुक्याच्या गावातलं, नवा संगणक जोडून झाला की दुकानदाराचा प्रश्न ठरलेला असतो: "फोटोशॉप टाकून देऊ का?" आणि गिऱ्हाइकाचं उत्तरही ठरलेलं: "टाका की!" घरी आल्यावर मात्र त्या संगणकावर जी कामं होणार असतात, ती एकमेकांपासून फार वेगळी असतात. आजीच्या लग्नाचा, मधोमध चरा पडलेला फोटो स्कॅन करून नीट करायचा असतो. मुलाला भरतीच्या अर्जासाठी स्वतःचा फोटो अमुक इतक्या केबीत बसवायचा असतो. मुलीने नवा कॅमेरा घेतलेला असतो आणि भिगवणला टिपलेल्या रोहित पक्ष्यांचे शेकडो फोटो कार्डात पडून असतात. शिवाय घरात बारसं किंवा साठीशांत निघाली की पत्रिका करण्याचं कामही याच संगणकाकडे येतं.

ही चारही कामं सारखीच चांगली करणारं एकच सॉफ्टवेअर शोधायला गेलं की निवड चुकते. बहुतेक तुलना दोन गोष्टींवर थांबतात: सोयी किती आणि किंमत किती. तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उद्या हे सॉफ्टवेअर सोडायची वेळ आली तर सोबत काय नेता येईल? फोटो काढणाऱ्याच्या मालकीचा असतो. त्यावर घेतलेली मेहनत, म्हणजे रंगांची जुळणी, कापछाट, लावलेली नावं, निवडलेले-नाकारलेले फोटो, हे सगळं मात्र त्या त्या सॉफ्टवेअरच्या पद्धतीने साठवलेलं असतं. पाच-सात वर्षांनी ही मेहनत फोटोंपेक्षाही मोलाची झालेली असते.

फोटोशॉपचं नाव सगळ्यांत आधी तोंडी येतं याला कारण आहे. १९८७ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोलने आपल्या मॅकिंटॉश प्लसच्या कृष्णधवल पडद्यावर करड्या छटा दिसाव्यात म्हणून ‘डिस्प्ले’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन ‘स्टार वॉर्स’चे दृश्यपरिणाम करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत होता. त्याने या प्रोग्रॅममधली ताकद ओळखली. दोघांनी तो वाढवला, अॅडोबी कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती फक्त मॅकसाठी आली. लेयर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे चित्राचे पारदर्शक थर, १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळाले. आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं चाललेली सातवी आवृत्ती २००२ ची. चरे आणि डाग आसपासच्या पोताशी जुळवून बुजवणारा हीलिंग ब्रश तिच्यातच पहिल्यांदा आला. जुन्या फोटोंच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्यांनी ती आवृत्ती इतकी धरून का ठेवली, हे त्या एका ब्रशवरून समजतं.

फोटोशॉप मुळात एकेका चित्रावर, त्याच्या एकेका बिंदूवर काम करण्यासाठी बनलं. आजीच्या फोटोला हेच हवं. भिगवणच्या शेकडो फोटोंना याचा फारसा उपयोग नाही.

तिथे गरज असते ती रॉ फाइलींची ‘धुलाई’ करणाऱ्या सॉफ्टवेअरची. कॅमेरा जेपीईजी देतो तेव्हा उजेड, रंग, धार यांचे निर्णय त्याने आधीच घेतलेले असतात आणि लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या उरतात. रॉ फाइलीत संवेदकाने जे टिपलं ते जवळपास तसंच असतं. १४ बिटांच्या रॉ फाइलीत प्रत्येक बिंदूला १६,३८४ पायऱ्या मिळतात. पहाटेच्या धुक्यात पक्षी काळवंडलेला आला असेल, तर जेपीईजीत तो उजळताना पिसांच्या जागी डाग-डाग दिसू लागतात. रॉ फाइलीत पिसं बहुधा सापडतात. अॅडोबीचं लाइटरूम २००७ साली याच कामासाठी आलं. ते मूळ फाइलीला हात लावत नाही. ‘उजेड इतका वाढव, इथून काप, निळा थोडा कमी कर’ अशा सूचना कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतं आणि फोटो बाहेर काढताना त्या अमलात आणतं. एका फोटोच्या सूचना दोनशे फोटोंना एकदम लावता येतात. फोनवर जेपीईजी काढून घरच्यांना पाठवणाऱ्याला मात्र यातलं काहीही विकत घेण्याची गरज नाही.

मेहनत कॅटलॉगमध्ये अडकते म्हणजे काय होतं, याची दोन ठळक उदाहरणं आहेत. पहिलं पिकासा. गूगलने २००४ साली हे सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि फुकट वाटलं. संगणकातले सगळे फोटो आपोआप शोधून तारखेने लावणारं, चेहरे ओळखणारं, एका बटणात रंग सुधारणारं पिकासा असंख्य घरांत फोटोंचं कपाट बनलं. २०१६ साली गूगलने ते बंद केलं. आधीच बसवलेला प्रोग्रॅम चालत राहिला, पण सुधारणा थांबल्या. पिकासा आपल्या दुरुस्त्या प्रत्येक फोल्डरमधल्या लपलेल्या छोट्या फाइलींत ठेवत असे. ज्यांनी बदल ‘सेव्ह’ केले नव्हते त्यांनी फोटो नव्या संगणकावर नेऊन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले, तेव्हा समोर आले ते दुरुस्तीआधीचे फोटो.

दुसरं उदाहरण अॅपलच्या अॅपर्चरचं. ते २००५ मध्ये व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी आलं, चांगल्या किमतीला विकलं गेलं, आणि २०१४ मध्ये अॅपलने त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनावर ते चालेनासंच झालं. नवा मॅक घेणाऱ्याला त्यामुळे आपल्या जुन्या लायब्ररीसाठी दुसरं घर शोधावं लागलं. पैसे मोजले म्हणून सॉफ्टवेअर टिकतं असं नाही आणि बलाढ्य कंपनीचं आहे म्हणूनही टिकत नाही.

मग वर्गणीचं सॉफ्टवेअर घ्यावं का? २०१२ ची क्रिएटिव्ह सूट ६ ही अॅडोबीची एकदाच पैसे भरून कायमची मिळणारी शेवटची मालिका. २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळू लागल्या. घरगुती वापरासाठी निघालेलं फोटोशॉप एलिमेंट्सही २०२५ च्या आवृत्तीपासून तीन वर्षांच्या परवान्यावर विकलं जातं. वर्गणीची अडचण दर महिन्याच्या आकड्यापुरती नसते. फोटोशॉप आणि लाइटरूम एकत्र देणारी, २० जीबी साठवणुकीची लोकप्रिय स्वस्त योजना अॅडोबीने जानेवारी २०२५ मध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद केली. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर खटला भरला. वार्षिक करार महिन्याच्या हप्त्यांत विकताना, तो मध्येच सोडल्यास भरावी लागणारी रक्कम ग्राहकाच्या नजरेआड ठेवली जाते, असा त्यात आरोप होता. म्हणून बटण दाबण्याआधी एक गोष्ट वाचून घ्यावी: ही योजना खरोखर महिन्याची आहे, की वर्षाची आणि हप्ता फक्त महिन्याचा?

वर्गणी थांबल्यावर काय राहतं हेही महत्त्वाचं. लाइटरूम क्लासिक या बाबतीत बरंच उदार आहे. वर्गणी संपली तरी कॅटलॉग उघडतो, फोटो दिसतात, केलेल्या दुरुस्त्यांसकट बाहेर काढता येतात. बंद होतात ते मुख्यतः डेव्हलप आणि नकाशा हे विभाग. फोटोशॉपमध्ये मात्र पुढचं काम ठप्प होतं. लग्नाचे अल्बम करून पोट भरणाऱ्याला वर्गणीची तक्रार करण्याचं कारण नाही. त्याचे टेम्प्लेट, लॅबची मागणी, सहकाऱ्याकडून येणाऱ्या फाइली, सगळं फोटोशॉपच्या पीएसडी स्वरूपातच असतं. त्याच्यासाठी ती धंद्याची किंमत आहे. वर्षातून दोनदा फोटो नीट करणाऱ्या घरासाठी तीच रक्कम वाया जाते.

दुकानात फुकट ‘टाकून दिलेलं’ फोटोशॉप या दोघांच्याही कामाचं नाही. ती प्रत क्रॅक केलेली असते. संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बी नुसार गुन्हा आहे. त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. त्याहून जवळचा धोका आहे तो फोटोंनाच. स्टॉप-डीजेव्हीयू नावाचा खंडणीखोर व्हायरस वर्षानुवर्षं पसरला तो प्रामुख्याने अशा क्रॅकमधून. तो संगणकातल्या फाइलींना कुलूप घालून पैसे मागतो, आणि त्यात घरचे फोटोही सापडतात. जे फोटो जपायचे त्यांच्याच शेजारी ही फाइल चालवणं कोणत्याही बचतीपेक्षा महाग आहे. खरोखर फुकट आणि कायदेशीर पर्याय इतके असताना तर त्याला काहीच अर्थ उरत नाही.

या पर्यायांत सगळ्यांत जुनं नाव गिंप. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते १९९५ मध्ये सुरू केलं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. म्हणजे त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे, आणि एखाद्या कंपनीने कंटाळून गुंडाळलं असं त्याचं होत नाही. फोटोशॉपची सवय असलेल्या हाताला सुरुवातीचे काही दिवस ते परकं वाटतं हे खरं. फिल्टर लावला की मूळ थर कायमचा बदलायचा, ही त्याची मोठी उणीव होती. मार्च २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ती बरीच दूर केली. आता लावलेला फिल्टर नंतर बदलता किंवा काढून टाकता येतो. आजीच्या फोटोसाठी लागणारी क्लोन आणि हील ही दोन्ही साधनं त्यात आहेत.

रॉ फाइलींसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन मुक्त सॉफ्टवेअर आहेत. डार्कटेबल २००९ मध्ये सुरू झालं आणि २०१७ च्या अखेरीस विंडोजवर आलं. ताकदीच्या बाबतीत ते लाइटरूमच्या पंगतीत बसतं, पण शिकायला अवघड आहे. त्यातले शेकडो पर्याय पहिल्या आठवड्यात नवख्याला दमवतात, आणि ही गोष्ट त्याचे चाहते पुरेशी मोकळेपणाने सांगत नाहीत. ज्याला एका पावसाळ्याच्या सुट्टीच्या दिवसांत बसून शिकायची हौस आहे, त्याच्यासाठी मात्र ते फार मोठं दान आहे. पिकासाची आठवण काढणाऱ्यांनी डिजिकॅम पाहावं. हजारो कौटुंबिक फोटो लावणं, चेहऱ्यांना नावं देणं हे त्याचं काम, आणि ती नावं ते फोटोच्या फाइलीतच लिहू शकतं. त्यामुळे पुढे सॉफ्टवेअर बदललं तरी ‘डावीकडून दुसऱ्या बेबीआत्या’ हे फोटोसोबतच जातं.

अॅफिनिटीची गोष्ट अलीकडची. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या सेरिफ कंपनीने २०१५ मध्ये अॅफिनिटी फोटो काढलं. एकदाच पैसे, वर्गणी नाही, हेच त्याचं मोठं आकर्षण. २०२४ मध्ये कॅनव्हाने सेरिफ विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅफिनिटीचं नवं रूप फुकट केलं. कॅनव्हाचं खातं मात्र उघडावं लागतं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं पैसे भरणाऱ्यांना मिळतात. आजच्या घडीला घरी बसवता येणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फोटोशॉपच्या सर्वांत जवळ जाणारं ते हेच. फुकट देणारी कंपनी उद्या धोरण बदलू शकते, म्हणून पूर्ण झालेल्या कामाची एक प्रत तिच्या खास स्वरूपाबाहेर ठेवलेली बरी. आणि नुसती एखादी पीएसडी फाइल उघडून त्यातलं नाव बदलायचं असेल, तर इव्हान कुत्स्कीर या प्रोग्रॅमरने उभं केलेलं फोटोपिया ब्राउझरमध्येच चालतं. काहीही बसवावं लागत नाही आणि फाइल संगणकाबाहेर जात नाही.

भरतीच्या अर्जाचं काम तर विंडोज किंवा मॅकवर आधीच असलेल्या अॅपमध्ये होतं. विंडोज ११ च्या फोटोज अॅपमध्ये आकार बदलताना दर्जा कमी-जास्त करता येतो आणि फाइल किती केबीची होईल तेही समोर दिसतं. पेंटमध्ये २०२३ पासून लेयर आहेत आणि पार्श्वभूमी काढून टाकायची सोयही.

पत्रिकेचं काम मात्र मराठी घरासाठी सगळ्यांत नाजूक. इंग्रजीत लिहिलेल्या तुलनांत ही अडचण सहसा सापडत नाही. युनिकोड देवनागरीत ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी असते. पडद्यावर दाखवताना वेलांटी डावीकडे न्यावी लागते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो, जोडाक्षरं जोडावी लागतात. हे काम सॉफ्टवेअरमधल्या मजकूर-इंजिनाचं. ते नसलं की ‘कार्तिकी’मधला रफार खाली पाय मोडून उभा राहतो आणि वेलांटी भलत्या बाजूला जाते. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फाँट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ही श्रीलिपी. अशा फाँटांत देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी तो साधा इंग्रजी मजकूर ठरतो आणि फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीतही बिनचूक उमटतो. मात्र तो मजकूर व्हॉट्सॲपवरून आलेल्या मराठीशी जुळत नाही आणि फाँट नसलेल्या संगणकावर त्याची निरर्थक इंग्रजी अक्षरं होतात.

गिंप मजकुरासाठी हार्फबझ हे मुक्त इंजिन वापरतं आणि युनिकोड मराठी व्यवस्थित दाखवतं. फोटोशॉपच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी’ नावाची मजकूर-व्यवस्था निवडली की मराठी जुळून येतं. ती निवडलेली नसल्याने ‘फोटोशॉपमध्ये मराठी तुटतं’ असा समज अनेकांचा झाला. अॅफिनिटीबद्दल भारतीय लिप्यांच्या वापरकर्त्यांची हीच तक्रार बरीच वर्षं होती. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी त्यात ‘श्रद्धा, कार्तिकी, ज्ञानेश्वर, दुर्गाद्वितीया’ इतकं टाइप करून पाहावं. फाँट मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाचे ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ घ्यावेत; ते फुकट आहेत आणि देखणेही.

सॉफ्टवेअर ठरलं की संगणकाचं गणित सोपं होतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटांत उघडला तर २.४ कोटी बिंदू, प्रत्येकाचे तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे एकच थर सुमारे १४४ एमबी घेतो. असे सात थर झाले की एक जीबी संपला. फोटोशॉपसाठी अॅडोबी किमान ८ जीबी रॅम सांगते आणि १६ जीबीची शिफारस करते. ही शिफारसच किमान मानावी, कारण अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. पडद्याकडे तर फार कमी लोक बघतात. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल, तर तो पडदा वेबसाठीच्या एसआरजीबी या साध्या रंगपटातले सगळे रंगही दाखवू शकत नाही. त्यावर खटपट करून आणलेला शालूचा जांभळा रंग छापून येतो तेव्हा भलताच निघतो. ‘१०० टक्के एसआरजीबी’ हे शब्द शोधावेत. त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल एक सावधगिरी. अंधारात काढलेल्या फोटोतली रवाळी काढण्यासाठी ती अप्रतिम आहे, आणि त्यासाठी बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. पण चेहऱ्याचा पुसट झालेला भाग ती ‘भरून’ देते तेव्हा ते डोळे आजीचे नसतात. अंदाजाने काढलेले असतात. कौटुंबिक फोटोत चरे आणि डाग काढावेत, चेहरा पुसट असेल तर तसाच राहू द्यावा, आणि ६०० डीपीआयचं मूळ स्कॅन टिफ स्वरूपात हात न लावता वेगळं ठेवावं.

जुन्या संगणकावरून नव्यावर सामान हलवताना बहुतेक घरं फक्त फोटोंचे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतात. लाइटरूम वापरलं असेल तर कॅटलॉगची फाइलही घ्यावी लागते, नाहीतर सगळ्या दुरुस्त्या जुन्या संगणकावरच राहतात. त्यातली एक्सएमपी फाइली लिहिण्याची सोय मुळात बंद असते. ती चालू केली की तारांकित पसंती, मथळे आणि खुणेचे शब्द बाहेर लिहिले जातात आणि इतर सॉफ्टवेअरना वाचता येतात. रंगांच्या दुरुस्त्या मात्र एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जशाच्या तशा जात नाहीत. त्यामुळे मनासारखे झालेले फोटो पूर्ण आकारात टिफ किंवा उत्तम दर्जाच्या जेपीईजीत बाहेर काढावेत, पिकासातल्या बदलांवर एकदा ‘सेव्ह’ दाबून घ्यावं, आणि नव्या संगणकावर ते उघडून पाहेपर्यंत जुना फॉरमॅट करायला देऊ नये.